आठवण की पाळत? जामीन आणि पॅरोलच्या अटी पाळण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या तंत्रज्ञानाची चिकित्सा

१. प्रास्ताविक

या पाठाची सुरुवात आपण कोलकात्यातल्या दोन घटनांनी करू. त्या दोन घटनांमध्ये सुमारे सव्वाशे वर्षांचे अंतर आहे.

पहिली घटना १८९७ सालची. बंगालचे पोलीस महानिरीक्षक एडवर्ड हेन्री यांच्या पुढाकाराने कलकत्त्यात बोटांच्या ठशांचे जगातील पहिले कार्यालय सुरू झाले. ठशांचे वर्गीकरण करून हजारो कागदांतून नेमका कागद शोधून काढण्याची पद्धत बसवण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय अधिकाऱ्यांचा मोठा वाटा होता. उद्देश साधा होता. एकदा शिक्षा भोगून सुटलेला माणूस नाव बदलून पुन्हा समोर आला, तरी सरकारला तो ओळखता यावा. पुढच्याच वर्षी जलपायगुडीतील एका चहामळ्याच्या व्यवस्थापकाच्या खुनाच्या खटल्यात पंचांगावर उमटलेला अंगठ्याचा ठसा कार्यालयातील जुन्या ठशाशी जुळला. तो ठसा पूर्वी चोरीबद्दल शिक्षा झालेल्या एका नोकराचा होता. खुनाचा आरोप सिद्ध झाला नाही, पण चोरीबद्दल त्याला पुन्हा शिक्षा झाली.

दुसरी घटना मार्च २०२१ ची. दमदम मध्यवर्ती कारागृहातून एक नेपाळी नागरिक बाहेर आला. १९८० च्या दशकाच्या अगदी आरंभी दार्जिलिंगमध्ये त्याला खुनाच्या आरोपावरून अटक झाली होती. मानसिक अवस्थेमुळे तो खटल्याला तोंड देऊ शकत नव्हता. खटला पुरा झालाच नाही आणि सुमारे ४० वर्षे तो कच्चा कैदी म्हणून आत राहिला. त्याच्याविषयी बाहेर बोलला तो त्याच्याबरोबर तुरुंगात असलेला आणि नंतर सुटलेला एक बंदी. कोलकात्यातील हौशी रेडिओचालकांनी नेपाळमधील त्याच्या कुटुंबाचा शोध लावला आणि कलकत्ता उच्च न्यायालयाने त्याच्या सुटकेचा आदेश दिला.

सुटलेल्या माणसाचा अंगठा ओळखण्याची सोय या शहरात १८९७ पासून आहे. आत ठेवलेल्या माणसाची आठवण ठेवण्याची सोय मात्र २०२१ मध्येही एका सुटलेल्या बंद्याच्या तोंडावर आणि हौशी लोकांच्या रेडिओवर अवलंबून होती. ओळखणे आणि आठवण ठेवणे ही दोन वेगळी कामे आहेत. जामिनावर किंवा पॅरोलवर असलेल्या माणसाला अटी पाळायला ‘मदत’ करणारे तंत्रज्ञान यांपैकी कोणते काम करते, हा या पाठाचा प्रश्न आहे.

२. आधी शब्द नीट समजून घेऊ

जामीन आणि पॅरोल या दोन गोष्टी बातम्यांत शेजारी-शेजारी येतात, म्हणून त्या सारख्याच वाटतात. पण कायद्याच्या दृष्टीने त्यांच्यात मोठा फरक आहे.

जामिनावर असलेला माणूस दोषी ठरलेला नसतो. तो खटल्याच्या तारखांना येईल, साक्षीदारांना धमकावणार नाही, पुरावा नष्ट करणार नाही, एवढ्याच हमीवर त्याला मोकळे ठेवलेले असते. पॅरोलवर आलेला माणूस दोषी ठरलेला असतो. आई-वडिलांचे आजारपण, घरातले लग्न, मृत्यू अशा कारणासाठी तो ठरावीक मुदतीपुरता बाहेर येतो. महाराष्ट्राच्या कारागृह नियमांत पॅरोलला ‘अभिवचन रजा’ म्हणतात आणि फर्लोला ‘संचित रजा’. ‘अभिवचन’ हा फार नेमका शब्द आहे. पॅरोल या मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थही ‘दिलेला शब्द’ असाच आहे. बंदी परत येण्याचा शब्द देतो आणि सरकार त्या शब्दावर विश्वास ठेवते, अशी या रजेची मूळ कल्पना आहे. पश्चिम बंगालने तर १९९२ च्या कायद्यात ‘जेल’ हा शब्दच बदलून ‘संशोधनागार’ असा केला. त्याचा अर्थ सुधारण्याची जागा.

पुढे वाचताना हा फरक मनात ठेवा. निर्दोष मानल्या गेलेल्या माणसावर आणि शब्द देऊन रजेवर आलेल्या माणसावर एकच यंत्र बसवले, तरी त्याचा अर्थ दोन्ही ठिकाणी एक होत नाही.

३. अट मोडते तेव्हा नेमके काय झालेले असते?

एक कल्पित उदाहरण घेऊ. दक्षिण चोवीस परगण्यातील कॅनिंगच्या बाजूचा एक गवंडी आहे. मारामारीच्या गुन्ह्यात त्याला अलीपूरच्या न्यायालयातून जामीन मिळाला. अटी चार आहेत. दर सोमवारी सकाळी दक्षिण कोलकात्यातील पोलीस ठाण्यात हजेरी लावायची, प्रत्येक तारखेला न्यायालयात यायचे, फिर्यादीच्या वस्तीत जायचे नाही आणि पत्ता किंवा फोन बदलला तर कळवायचे.

आदेश इंग्रजीत आहे. गवंड्याला बांगला वाचता येते. पुढची तारीख त्याच्या वकिलाचा मुहुरी, म्हणजे कारकून, सांगतो. सोमवारी हजेरीला यायचे तर पहाटेची लोकल धरावी लागते आणि त्या दिवसाची मजुरी बुडते. मुकादम एकदा समजून घेतो, दुसऱ्यांदा घेतो, तिसऱ्यांदा दुसरा माणूस बघतो. एका तारखेला वकिलांचे काम बंद होते म्हणून तारीख पुढे गेली आणि नवी तारीख त्याच्यापर्यंत पोहोचलीच नाही. तो आला नाही, म्हणून न्यायालयाने अटकेचे अधिपत्र काढले. कागदावर एवढेच राहिले की आरोपीने अट मोडली.

अट मोडण्याची कारणे ढोबळमानाने तीन असतात. एक, माहीत नव्हते. दोन, माहीत होते पण जमले नाही. तीन, यायचेच नव्हते. पहिल्या कारणावर औषध म्हणजे वेळेवर, त्याच्या भाषेत मिळालेली आठवण. दुसऱ्या कारणावर औषध म्हणजे अट बदलणे. हजेरी घराजवळच्या ठाण्यात घेता येईल, सोमवारऐवजी रविवार ठेवता येईल, आठवड्याऐवजी महिन्यातून एकदा बोलावता येईल. फक्त तिसऱ्या कारणासाठी पाळतीचा विचार करावा लागतो. पण बाजारात आणि धोरणांत जे तंत्रज्ञान सर्वांत जोरात पुढे येते, ते या तिसऱ्या कारणासाठी बनलेले असते आणि पहिल्या दोन कारणांच्या माणसांनाही तेच लावले जाते.

पहिल्या कारणाला कमी लेखू नका. न्यूयॉर्क शहरात किरकोळ गुन्ह्यांच्या समन्सवर एक मोठा अभ्यास झाला. तो २०२० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. समन्सचा छापील कागद नव्याने आखला आणि महत्त्वाची माहिती ठळक दिसेल अशी मांडली, तेव्हा गैरहजेरी १३ टक्क्यांनी घटली. मोबाईलवर आठवणीचे संदेश पाठवले, तेव्हा ती २१ टक्क्यांनी घटली. या लोकांच्या पायाला काही बांधले नव्हते. त्यांना फक्त नीट सांगितले होते.

आपल्याकडे ई-न्यायालय प्रकल्पात खटल्याची माहिती फोनवर पाहता येते. त्यासाठी खटल्याचा १६ अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक हाताशी असणे सोयीचे असते. आता त्या गवंड्याला आठवा. तो क्रमांक त्याला कोणी लिहून दिला? येणारा संदेश त्याच्या फोनवर येतो, की वकिलाच्या? आणि तो कोणत्या भाषेत असतो? तंत्रज्ञान आहे की नाही, यापेक्षा ते कोणाच्या खिशापर्यंत पोहोचते, हा प्रश्न मोठा आहे.

४. घोट्याचा पट्टा : तो काय करतो आणि काय करत नाही

आता पाळतीच्या यंत्राकडे वळू. नोव्हेंबर २०२३ मध्ये जम्मूतील विशेष न्यायालयाच्या आदेशानुसार, दहशतवादाच्या खटल्यात जामिनावर सुटलेल्या एका आरोपीच्या घोट्याला पोलिसांनी जीपीएस पट्टा बांधला. देशातला हा पहिलाच प्रयोग म्हणून त्याची नोंद झाली.

या पट्ट्याचे काम समजून घ्या. तो उपग्रहांचे संकेत पकडून स्वतःची जागा ठरवतो आणि मोबाईलच्या जाळ्यातून ती नियंत्रण कक्षाला कळवतो. साधारणपणे चार प्रसंगी इशारा जातो. माणूस आखलेल्या हद्दीबाहेर गेला, पट्टा कापला किंवा सैल केला, बॅटरी उतरली, संकेत तुटला. यांपैकी पहिले दोन इशारे माणसाच्या वागण्याबद्दल काही सांगू शकतात. उरलेले दोन विजेबद्दल आणि जाळ्याबद्दल सांगतात. ज्या घरात वीज ये-जा करते, किंवा पत्र्याच्या नाहीतर काँक्रीटच्या खोलीत संकेत नीट पोहोचत नाही, तिथे गरिबी हीच अट मोडल्याचा इशारा बनते. दाट वस्तीच्या गल्लीत जीपीएसने दाखवलेली जागा काही मीटर इकडेतिकडे सरकणे अगदी नेहमीचे आहे. फिर्यादीची वस्ती रस्त्याच्या पलीकडे असेल, तर तेवढा फरक पुरतो.

या यंत्राचा इतिहासही उपयोगी आहे. १९६० च्या दशकात अमेरिकेत हार्वर्डशी संबंधित राल्फ आणि रॉबर्ट श्विट्झगेबेल या जुळ्या भावांनी तरुण गुन्हेगारांसाठी अंगावर बाळगायचे रेडिओयंत्र तयार केले. त्यांचा विचार असा होता की यंत्रातून दोन्ही बाजूंनी संदेश जावेत, आणि तरुण वेळेवर कामावर किंवा वर्गावर पोहोचला तर त्याला शाबासकी मिळावी. १९८३ मध्ये न्यू मेक्सिको राज्यातील न्यायाधीश जॅक लव्ह यांनी शिक्षेचा भाग म्हणून पहिल्यांदा असे यंत्र घोट्याला बांधायला लावले. ही कल्पना त्यांना स्पायडरमॅनच्या चित्रमालिकेवरून सुचली होती. त्यात खलनायक नायकाच्या मनगटाला माग काढणारे यंत्र बांधतो. शाबासकीसाठी निघालेले यंत्र वीस वर्षांत पाळतीचे झाले. पुढे तर अमेरिकेत अनेक ठिकाणी पट्ट्याचे रोजचे भाडे तो घालणाऱ्याकडूनच घेतले जाऊ लागले. एखादे यंत्र ‘मदतीसाठी’ आहे असे कोणी सांगितले, तर ते आज काय करते ते पाहाच. त्याबरोबर वीस वर्षांनी ते कोणाच्या हातात असेल, हेही विचारा.

५. गुगल नकाशावरील खूण : सर्वोच्च न्यायालयाचा निकाल

या विषयावरचा सर्वांत महत्त्वाचा भारतीय निकाल ८ जुलै २०२४ चा आहे. फ्रँक व्हिटस विरुद्ध अमली पदार्थ नियंत्रण विभाग या खटल्यात न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयान यांच्या खंडपीठाने तो दिला. दिल्ली उच्च न्यायालयाने एका नायजेरियन आरोपीला जामीन देताना अट घातली होती की त्याने गुगल नकाशावर आपल्या जागेची खूण टाकावी, म्हणजे तपास अधिकाऱ्याला ती दिसेल.

सर्वोच्च न्यायालयाने एक साधी गोष्ट केली. ही खूण प्रत्यक्षात काय करते, ते त्याने कंपनीकडूनच मागवून घेतले. उत्तरातून कळले की खूण कुठे टाकायची आणि कोणाला दाखवायची हे पूर्णपणे वापरणाऱ्याच्या हातात असते आणि तिच्यावरून माणसाचा क्षणाक्षणाचा माग काढता येत नाही. म्हणजे ज्या कामासाठी अट घातली, ते काम त्या खुणेने होतच नव्हते. न्यायालयाने अट रद्द केली. त्याचबरोबर एक तत्त्व मांडले : आरोपीच्या हालचालींवर पोलिसांना सतत नजर ठेवता येईल अशी कोणतीही जामीन अट घटनेच्या अनुच्छेद २१ मधील खासगीपणाच्या हक्काचा भंग करते.

या निकालाचे मोल मोठे आहे, पण टीकेच्या दृष्टीने दोन गोष्टी नोंदवायला हव्यात.

पहिली गोष्ट. नकाशावरील ती खूण पाळतीच्या कामाची नाही, हे तपासल्याशिवायच ती अट आदेशात आली होती. यंत्राबद्दलचे अज्ञान आणि यंत्रावरचा विश्वास एकत्र आले की अशा अटी तयार होतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८० मध्ये काही ठरावीक अटींनंतर न्यायहितासाठी आवश्यक वाटेल अशी अन्य अट घालण्याची मुभा आहे. नवे तंत्रज्ञान याच दारातून आत येते. त्या दारावर ‘हे यंत्र नेमके काय करते’ असे विचारणारे कोणी तरी उभे असले पाहिजे.

दुसरी गोष्ट. निकाल जामिनाबद्दल आहे. पॅरोलवरच्या माणसाबद्दल तो थेट काही सांगत नाही. आणि नेमके तिथेच एक नवे कलम येऊन उभे आहे.

६. ‘तयारी’ या शब्दाची चिकित्सा

केंद्रीय गृह मंत्रालयाने २०२३ मध्ये आदर्श कारागृह व सुधारसेवा अधिनियमाचा मसुदा राज्यांकडे पाठवला. कारागृहे हा राज्यांचा विषय असल्यामुळे तो स्वीकारायचा की नाही, हे राज्यांनी ठरवायचे आहे. त्यातील एका कलमानुसार, इलेक्ट्रॉनिक माग-यंत्र अंगावर घालण्याची बंद्याची तयारी असेल तर त्या अटीवर त्याला कारागृह रजा देता येईल. अटीचा भंग झाला तर रजा रद्द होईल आणि पुढच्या रजेसाठीही तो अपात्र ठरू शकेल.

या कलमातला ‘तयारी’ हा शब्द पुन्हा वाचा. आई शेवटच्या घटका मोजते आहे आणि बंद्याला विचारले जाते, यंत्र घालशील का? तो नाही म्हणू शकतो का? एका पारड्यात आईचे शेवटचे दर्शन आणि दुसऱ्यात घोट्याचा पट्टा असेल, तर त्याच्या होकाराला संमती म्हणणे ही कायद्याने स्वतःची केलेली समजूत आहे.

त्याच वाक्यात दुसरी अडचण आहे. भंग म्हणजे काय? बॅटरी उतरणे भंग आहे का? संकेत नसलेल्या गावात जाणे भंग आहे का? कारागृह रजेवर बंदी बहुतेकदा गावी जातो. तो सुंदरबनातल्या बेटावर जाईल किंवा मेळघाटातल्या पाड्यावर. या प्रश्नांची उत्तरे नियमांवर सोडली आहेत. विधी आयोगाने मे २०१७ मधील आपल्या २६८ व्या अहवालात अशा यंत्रांचा विचार केला होता. त्यांचे संभाव्य फायदे मान्य करूनही ती फार सावधपणे वापरावीत, असे आयोगाने म्हटले होते. तो सावधपणा कलमाच्या शब्दांत दिसायला हवा होता.

७. हजेरी : आपल्याला माहीत असलेली जुनी गोष्ट

मराठी वाचकाला यात नवे वाटण्याचे कारण नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली कित्येक जमातींतील माणसांना जन्मतःच गुन्हेगार मानले गेले. ठरलेल्या वेळी हजेरी, गावाबाहेर जायचे तर परवाना, आणि काही ठिकाणी तारेच्या कुंपणातली वसाहत. सोलापुरात ‘सेटलमेंट’ हे नाव आजही त्या काळाची खूण म्हणून टिकून आहे. आपण मघाशी पाहिलेली ‘आखलेली हद्द’ तेव्हा काटेरी तारेची होती. आजची हद्द डोळ्यांना दिसत नाही, एवढाच फरक.

या जमाती ३१ ऑगस्ट १९५२ रोजी विमुक्त झाल्या. पण नोंदवहीतला संशय कायद्याबरोबर संपत नाही. फेब्रुवारी १९९८ मध्ये पश्चिम बंगालच्या पुरुलिया जिल्ह्यात खेडिया शबर जमातीच्या एका तरुणाचा पोलीस कोठडीत मृत्यू झाला. ज्या संघटनेच्या कामात महाश्वेता देवी होत्या, ती कलकत्ता उच्च न्यायालयात गेली. न्यायालयाने त्याच वर्षी केंद्रीय अन्वेषण विभागाच्या चौकशीचा आणि विधवेला भरपाई देण्याचा आदेश दिला. याच सुमारास महाश्वेता देवी, गणेश देवी आणि ‘उचल्या’चे लेखक लक्ष्मण गायकवाड यांनी विमुक्त-भटक्यांच्या हक्कांसाठी एकत्र गट उभा केला. कोलकाता आणि महाराष्ट्र यांना जोडणारा हा दुवा लक्षात ठेवा. एकदा नोंदवहीत गेलेले नाव बाहेर यायला किती पिढ्या लागतात, हे या दोन्ही प्रदेशांनी पाहिले आहे.

आजच्या नोंदवह्या अधिक टिकाऊ आहेत. २०२२ च्या फौजदारी प्रक्रिया ओळख कायद्यानुसार गोळा केलेली मापे ७५ वर्षांपर्यंत जपता येतात. पट्ट्याने गोळा केलेला माणसाच्या येण्याजाण्याचा नकाशा किती वर्षे ठेवायचा, खटल्यातून निर्दोष सुटल्यावर तो पुसायचा की नाही, हे प्रश्न यंत्र बांधण्याआधी विचारायचे असतात.

८. दुसरी बाजू

इथपर्यंत वाचून तुमच्यापैकी कोणी म्हणेल, ‘पण तुरुंगापेक्षा पट्टा बरा नाही का?’ हा आक्षेप खरा आहे आणि त्याला प्रामाणिक उत्तर द्यायला हवे.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ अखेर देशातील कारागृहांत ५,७३,२२० बंदी होते. त्यांतील ४,३४,३०२ न्यायाधीन होते, म्हणजे दर चारांमागे तीन. आत बसलेल्या माणसाला ‘पट्टा घाल आणि घरी जा’ असे सांगितले, तर तो आनंदाने घालील. त्याचा हा निर्णय आपण पुस्तकातून चुकीचा ठरवू शकत नाही.

पण हे लाखो लोक आत का आहेत, ते पाहा. त्यांच्यात असेही आहेत ज्यांना जामीन मंजूर झालेला आहे, पण रक्कम किंवा जामीनदार देता येत नाही. १९७८ च्या मोतीराम खटल्यात मध्य प्रदेशातील एका गवंड्याला १०,००० रुपयांचा जामीनदार मागितला गेला आणि त्याच्या भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून भावाला नाकारले गेले. न्या. कृष्ण अय्यर यांनी तेव्हाच या पद्धतीवर कठोर टीका केली होती. अशा माणसाला पळून जाण्यापासून रोखणारे यंत्र देऊन काय साधणार? तो पळण्याच्या भीतीने आत नाही. तो पैशांअभावी आत आहे.

म्हणून कसोटी अशी ठेवा : यंत्र जामीनदाराच्या जागी येते, की जामीनदाराच्या जोडीला? ‘पट्टा घालतोस तर जामीनदार नको’ असे कायदा म्हणत असेल, तर त्यावर विचार करता येईल. जामीनदार हवा, हजेरी हवी आणि वर पट्टाही हवा, अशी स्थिती असेल, तर कारागृहातली गर्दी तशीच राहील आणि पाळतीखाली नवी माणसे येतील.

पाळतीला आणखी एक समर्थ आधार आहे, तो पीडितेच्या सुरक्षिततेचा. स्पेनमध्ये २००९ पासून घरगुती हिंसाचाराच्या खटल्यांत आरोपी जवळ आला तर पीडितेला इशारा देणारी जोडयंत्रे वापरली जातात. तिथे एका विशिष्ट व्यक्तीला असलेला विशिष्ट धोका समोर असतो आणि यंत्राची माहिती तिच्यापर्यंतही जाते. पाळत कुठे समर्थनीय ठरू शकते, हे या उदाहरणातून कळते. पण सगळ्यांना सरसकट पट्टा घालण्याचे समर्थन त्यातून निघत नाही.

९. सरकारने पाळायच्या अटी

अटी फक्त आरोपीवर असतात, असे आपण गृहीत धरतो. सरकारवरही अटी असतात. ३१ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जामिनाबाबत सात निर्देश दिले. जामिनाचा आदेश त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ई-मेलने कारागृह अधीक्षकामार्फत बंद्याला पोहोचवायचा. अधीक्षकाने त्याची तारीख ई-प्रिझन्स प्रणालीत नोंदवायची. सात दिवसांत बंदी सुटला नाही, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचे आणि त्यासाठी प्रणालीतून आपोआप ई-मेल जाईल अशी सोय करायची. महिनाभरात जामीनदार देता आला नाही, तर न्यायालय स्वतःहून अट शिथिल करण्याचा विचार करू शकेल. स्थानिकच जामीनदार हवा, असा हट्ट धरू नये, असेही न्यायालयाने सांगितले. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार, काही अपवाद वगळता, पहिल्यांदाच आरोप झालेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक-तृतीयांश काळ आत काढला, तर त्याच्या सुटकेसाठी अर्ज करणे ही कारागृह अधीक्षकाचीच जबाबदारी आहे.

या निर्देशांतले तंत्रज्ञान पाहा. एक तारीख, एक रकाना, एक आपोआप जाणारा ई-मेल. यात उपग्रह नाही. पण इथे बॅटरी उतरल्याचा इशारा अधिकाऱ्याच्या टेबलावर वाजतो. माझ्या मते या विषयातले सर्वांत उपयोगी तंत्रज्ञान हेच आहे, आणि सर्वांत कमी चर्चा याचीच होते, कारण त्याचा फोटो वर्तमानपत्रात छापता येत नाही. दमदममधल्या त्या माणसासाठी असा एक रकाना १९८० च्या दशकात असता, तर तो ४० वर्षांनी नव्हे, कदाचित तरुणपणीच घरी गेला असता.

१०. चिकित्सेची साधने

पुढच्या वेळी तुमच्यासमोर असे एखादे ॲप, पट्टा किंवा प्रणाली येईल, तेव्हा तिला तीन प्रश्न विचारा.

एक, माहिती कोणाकडून कोणाकडे जाते? आरोपीकडून फक्त पोलिसांकडे जात असेल, तर ती पाळत आहे. न्यायालयाकडून आरोपीकडे त्याच्या भाषेत जात असेल, तर ती आठवण आहे.

दोन, यंत्र बिघडले तर भुर्दंड कोणाला? माणसाला अटक होत असेल, तर ते यंत्र त्याच्या मदतीसाठी नाही.

तीन, ते कधी निघणार आणि त्यातली नोंद कधी पुसली जाणार? याचे उत्तर लिहिलेले नसेल, तर ती हजेरीची जुनी वही आहे.

११. समारोप

शेवटी एक उदाहरण, ज्यात कोणतेच यंत्र नाही. १९३९ मध्ये औंध संस्थानात आटपाडीजवळ ‘स्वतंत्रपूर’ ही कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली. राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि मॉरिस फ्रीडमन यांच्या प्रयत्नातून ती उभी राहिली. तिथे कैदी शेती करत आणि कुटुंबासह राहत. व्ही. शांताराम यांच्या ‘दो आँखें बारह हाथ’ या १९५७ च्या चित्रपटाची प्रेरणा ही वसाहतच. बंगालमध्ये मुर्शिदाबाद जिल्ह्यातील लालगोल्यालाही खुले कारागृह आहे. दिवसा कामासाठी बाहेर जायचे आणि संध्याकाळी परत यायचे, अशी तिथली रीत. परत येण्याचे कारण असले की माणूस परत येतो, हे या दोन्ही ठिकाणी दिसते. काम, घर, आणि आपल्या शब्दावर कोणी विश्वास ठेवला आहे याची जाणीव, ही ती कारणे.

यंत्र यातले काहीही निर्माण करू शकत नाही. ते फार तर दिलेला शब्द पाळायला हात देऊ शकते : तारीख आठवून देणे, भाषा सोपी करणे, हजेरीचे अंतर कमी करणे, विसरलेल्या अधिकाऱ्याला जागे करणे. एवढे करणारे तंत्रज्ञान स्वस्त आहे आणि आज उपलब्ध आहे. ते सोडून आपण आधी पट्ट्याकडे का धावतो, याचे उत्तर यंत्रशास्त्रात सापडणार नाही. आपण कोणाला नागरिक मानतो आणि कोणाला संशयित, यात ते आहे.

स्वाध्याय

१. ‘माहीत नव्हते’, ‘जमले नाही’ आणि ‘यायचे नव्हते’ या तीन कारणांसाठी प्रत्येकी एक उपाय सुचवा. त्यांतल्या कोणत्या उपायाला यंत्राची गरज आहे?

२. फ्रँक व्हिटस निकालातील तत्त्व पॅरोलवरील बंद्याला लागू व्हावे का? जामीन आणि पॅरोल यांतील फरक लक्षात घेऊन दोन्ही बाजू मांडा.

३. तुमच्या जिल्ह्याच्या न्यायालयात एक दिवस बसून पाहा. पुढची तारीख आरोपीला कोण सांगते, कोणत्या भाषेत सांगते, आणि ती त्याला लिहून मिळते का? तुमचे निरीक्षण एका पानात लिहा.